पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत

शिरोड्याच्या शाळेत सुदेशने आठ वर्षं गणित शिकवलं. मग काचबिंदूने त्याची नजर गेली, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. पुण्यात वर्षभर राहून तो संगणक नव्याने शिकला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याच्या जोरावर तो आता घरी बसून लोकांच्या वेबसाइट तपासून देतो. आंधळ्याला वापरता येते का, म्हाताऱ्याला बटण सापडतं का, गुगलवर शोधलं तर वर येते का.

गेल्या मार्चमध्ये अप्पा त्याच्याकडे आले. अप्पा एकेकाळचे त्याच्याच शाळेचे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे चार खोल्या बांधल्या, पर्यटक ठेवले आणि गावातल्या बावीस घरांच्या होमस्टे संघाचे अध्यक्षही झाले. संघाची नवी वेबसाइट पुण्याच्या कौस्तुभ नावाच्या माणसाने बनवली होती. एका सरकारी योजनेत संघाचं नाव लागायचं तर ती अपंगांनाही वापरता येते, असा अहवाल हवा होता.

"तुका कितीसो वेळ लागतलो? वायच बघ आनि सही कर," अप्पा म्हणाले.

'बघ' या शब्दाचं सुदेशला आताशा काही वाटत नाही. 'सही कर' मात्र खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला बसला. आवाज सुरू झाला, "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." आवाजाला वाचता येईल असं नाव एकाही बटणाला जोडलेलं नव्हतं. खोली राखून ठेवायच्या तक्त्यात माउसशिवाय तारीख निवडता येत नव्हती. भाडं किती ते एका फोटोत लिहिलेलं, म्हणजे ते सुदेशलाही वाचता येत नव्हतं आणि गुगललाही. दिसण्याच्या गोष्टींसाठी त्याची बायको स्वप्ना शेजारी बसते. फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं बघून ती वैतागली.

"चष्मो लावन पण वाचूक येणा नाय माका."

असल्या चुकांची सुदेशला सवय होती. पानाच्या तळाशी संघाचा पत्ता आला, फोन नंबर आला. इथे पान संपायला हवं होतं. आवाज पुढे वाचत राहिला.

"शिरोडा स्वस्त रूम, शिरोडा बीच रूम, शिरोडा बोट दुर्घटना, बोट दुर्घटना मृतांची नावे, विठोबा तांडेल, बाबली तांडेल, एसी रूम, दोन दिवस पॅकेज, विठोबा तांडेल फोटो..."

सुदेशचा हात थांबला. त्याने पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"खंय आसा तां?" स्वप्ना म्हणाली. "हंय तर नुसता पांढरा आसा."

"माउस धरून त्या पांढऱ्यावरसून ओढ."

तिने ओढला. निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली, पांढऱ्यावर पांढरी, मुंगीएवढी. स्वप्नाने माउसवरचा हात काढून घेतला.

दोन वर्षांपूर्वी विठोबा आणि त्याचा भाऊ बाबली मासेमारीला गेले होते, होडी उलटली. विठोबा तिसऱ्या दिवशी सापडला, बाबली सापडलाच नाही. विठोबाची बायको हिरा आजही एक दिवसाआड सुदेशच्या दारात मासे घेऊन येते.

सुदेशने कौस्तुभला फोन लावला.

"सर, त्या अपघातानंतर लोक ती नावं खूप शोधत होते," कौस्तुभ मोकळेपणाने म्हणाला. "ती पानावर टाकली की गुगलवर आपली साइट वर येते. दिसत तर कुणालाच नाहीत."

"मला ऐकू आली."

"तुमच्यासारखे असे किती जण येणार, सर?"

सुदेश म्हणाला, "असा लपवलेला मजकूर सापडला तर गुगल साइटच शोधातून काढून टाकतं."

"हो का? अरे बाप रे. मग काढतो लगेच."

मेलेल्या माणसांसाठी जे झालं नसतं, ते गुगलच्या भीतीने झालं.

"नावं तुम्हाला कुणी दिली?"

"अप्पांनीच. पेपरचं कात्रण पाठवलं होतं."

सुदेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. विठोबा अप्पांचा विद्यार्थी. शोकसभेत सगळ्यात लांब भाषण अप्पांचं झालं होतं, बोलताना त्यांचा गळा भरून आला होता. तो तसाच स्वप्नाचा हात धरून अप्पांच्या घरी गेला.

अप्पांनी नाकारलं नाही, तेच जास्त किळसवाणं वाटलं.

"अरे, गावाचो फायदो बघूक होयो. तेंची काय बदनामी केली काय आमी? आता नावां काढली ना त्या कौस्तुभान? मग झाला. तू अहवाल दी."

"अप्पा, बुडालेल्या माणसाक गिऱ्हायकां आणूक लावलास तुमी."

"भावनेन धंदे चलनत नाय, सुदेश."

गणिताचा एखादा नियम सांगावा तशा आवाजात ते हे बोलले. आतून पाहुण्यांसाठी तळत असलेल्या माशांचा वास येत होता. सुदेशला तिथे उभं राहवेना.

त्याने अहवाल लिहिला. नाव नसलेली बटणं, न निवडता येणाऱ्या तारखा, फोटोतलं भाडं आणि लपवलेली नावं, सगळं. साइट अपंगांना वापरण्याजोगी नाही असा शेरा देऊन त्याने तो बावीसही घरांना पाठवला.

हिराला सांगावं की नाही, यावर तो दोन दिवस कुढला. शेवटी, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं म्हणून, ती टोपली उतरवून बसली तेव्हा त्याने सांगितलं.

"गिऱ्हायकां होयी होती," ती म्हणाली, "तर आपल्या बापाशीची नावां घालूची होती."

अप्पांच्या स्वयंपाकघरात मासे तीच द्यायची. त्या दिवसापासून तिने ते दार सोडलं, आणि आठवड्याभरात बाकीच्या मासेवाल्यांनीही. अप्पांना आता मासे आणायला वेंगुर्ल्याला माणूस पाठवावा लागतो.

पण वेबसाइट चालू आहे. कुठल्याशा शहरातल्या एका कंपनीने न तपासताच अहवाल दिला, आणि पहिल्या पानावर 'सर्वांसाठी सुलभ' असा शिक्का झळकला. त्या शिक्क्यालाही नाव नाही, सुदेशला तो नुसता "चित्र" म्हणून ऐकू येतो.

बावीस घरांपैकी तिघांनी त्याच्या अहवालाला उत्तर दिलं. दोघांनी आभार मानले होते. तिसऱ्याने विचारलं होतं, नावं काढल्यामुळे आपली साइट शोधात खाली तर जाणार नाही ना?

सुदेशने ते उत्तर एकदाच ऐकलं आणि पुसून टाकलं.