पाण्यामागून खाली

पूर कसा चढतो हे कुणीही सांगेल. तो उतरताना काय करायचं असतं, ते महाडकरालाच ठाऊक. ओहोटी लागून सावित्रीचं पाणी मागे सरू लागलं की त्याच्यासोबतच घरातला गाळ बाहेर लोटायचा. पाण्यात मिसळलेला असतो तोवर तो खराट्यानेही जातो. एकदा का बसला आणि त्याला ऊन लागलं, की मग पहार घ्यावी लागते. म्हणून पाणी घोट्याशी आलं की जो तो आपापल्या घरात वाकलेला असतो, दुसऱ्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. हे आधीच सांगितलं, कारण नदीकाठच्या बागेचं सगळं त्यावरच ठरलं.

जुन्या बंदरावर बाग करायची म्हणून समिती झाली. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे मलाही बोलावलं. भरतीबरोबर गलबतं कशी येत, मीठ आणि कौलं कशी उतरत, हे फलकांवर लिहायचं होतं. मी विचारलं, ही कौलं बंदरातून पेठेत काय उडत जायची? ती डोक्यावर वाहणारे हमाल आमच्या बौद्ध वस्तीतले. माझ्या सासऱ्यांचे वडील त्यांतलेच एक. त्यांची वाट आमच्या गल्लीतून जायची, तेव्हा पेठेतून बागेकडे जाणारी झाडांची पायवाटही तिथूनच न्या, एवढंच माझं म्हणणं होतं.

समितीच्या अध्यक्षांचं पेठेत किराणा दुकान आहे. माणूस गोड, तोंडावर नाही म्हणून कधी म्हणणार नाहीत. माझा मुद्दा अगदी बरोबर आहे म्हणाले आणि नकाशात पायवाट वस्तीला वळसा घालून वरच्या रस्त्याने नेली. वस्तीत पाणी भरतं, गल्ली अरुंद आहे, लोकांना अवघडल्यासारखं होईल, वगैरे. कुणाला अवघडल्यासारखं होईल ते काही बोलले नाहीत. मी तरातरा उठून घरी आले. थोरल्या जावेला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "एवढी शिकलीस, आन् तुला आज कळलं काय गो?"

पावसाळ्याआधी बाग झाली. दगडी पायऱ्या, बाक, करंजाची रोपं, फलक. पायवाट तेवढी राहिली होती. पहिल्या पुरात बागेचा चिखल होणार, असं गावात सगळे म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. पेठ उंचावर, तिच्याखाली वस्ती, सगळ्यात खाली बाग. पाणी उतरतं तेही त्याच क्रमाने. बागेची पाळी येईपर्यंत सगळं गाव आपापली घरं धुऊन आडवं झालेलं असणार. बाग सगळ्यांची, म्हणजे धुवायला कुणाचीच नाही.

आणि पूर आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा मी आमच्या दारात गुडघाभर पाण्यात वाट बघत उभी होते. वर पेठेतले खराटे ऐकू येत होते. मला एकदम वाटलं, आपण इथे पाण्याकडे बघत का उभे आहोत? मी तशीच वर गेले. अध्यक्ष फळीने दुकानातला गाळ लोटत होते, साखरेची पोती वाया गेली होती. मी दुसरी फळी उचलली आणि त्यांच्या बरोबरीने लोटायला लागले. दुकान स्वच्छ झालं आणि ते हुश्श करून पायरीवर बसले.

"बसू नका," मी म्हणाले. "पाण्यामागून खाली चला. नाहीतर बाग गेली."

वरच्या रस्त्यावर दरड आली आहे, जाणार कुठून, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या गल्लीतून."

त्यांनी फळी पुन्हा हातात घेतली. मग उठले आणि शेजारच्या दुकानदारांनाही हाका मारत निघाले. गल्लीत तर गाळ लोटल्याशिवाय पाऊल टाकता येईना, म्हणून लोटत लोटतच सगळे पुढे सरकले. वस्तीतली माणसं घराघरांतून बघत होती, मग तीही उतरली. आमच्या जावेच्या दारापाशी अध्यक्ष थांबले. "ताई, आत येऊ का?"

"चिखल इचारून आला काय?" जाऊ म्हणाली. "या."

तिची ओटी, स्वयंपाकघर, सगळं धुऊन झालं. अध्यक्षांनी बाहीने घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, प्यायला पाणी मिळेल का?"

पूर यायच्या आधी जाऊ एक कळशी भरून माळ्यावर ठेवते. चवदार तळ्याच्या गावात पाणी मागणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. एरवी कुणालाही उलट बोलणारी माझी जाऊ मुकाट्याने शिडी चढली. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितलं. मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलं नाही.

आम्ही बागेत पोचलो तेव्हा पाणी नुकतंच खालच्या पायऱ्यांवर आलं होतं. पेठ आणि वस्ती एका ओळीत उभी राहिली आणि सगळा गाळ आम्ही सावित्रीला परत केला. दुपारपर्यंत बाक उघडे पडले. मी आयुष्यात एवढी दमले नव्हते, आणि एवढी खूषही कधी झाले नव्हते.

पुढच्या बैठकीत मला तोंड उघडावंच लागलं नाही. अध्यक्षांनी स्वतः पेन घेऊन पायवाट गल्लीतून काढली. हमालांचा फलक आता आमच्या घरासमोर आहे, त्याच्या शेजारी बकुळ लावली आहे, आणि संध्याकाळी पेठेतली माणसं इथूनच फिरायला जातात. बागेत चांगला नळ आहे. तरी परत येताना अध्यक्ष रोज जावेच्या दारात थांबतात आणि पाणी द्या म्हणतात. परवा ती तांदूळ निवडत बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"घ्या की हातानं," म्हणाली. "माठ हितंच हाय."