सात बालाजी आणि तिसरी ओळ

लातूरच्या मांजराकाठ शिक्षण संस्थेच्या कचेरीत चार लोखंडी कपाटांएवढा एक संगणक होता. त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. थोरल्यांना गार हवा लागे, म्हणून अख्ख्या कचेरीत एसी फक्त त्यांच्या खोलीला. मे महिना लागला की एकूणएक कारकुनाला थोरल्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागे. चपला बाहेर काढूनच आत जायचं. खंडेनवमीला हार, हळदकुंकू सगळं व्हायचं, नारळ मात्र दाराबाहेर फोडायचा, हा नियम प्रेमलाबाईंचा. नांदेडपासून लातूरपर्यंतच्या साठ शाळांमधली पोरं थोरल्यांच्या पोटात होती, आणि थोरल्यांच्या पोटातलं कळणारं माणूस एकच, ते म्हणजे प्रेमलाबाई. वीस वर्षं त्या तिथं ऑपरेटर होत्या.

पण लातूर आता ट्यूशनचं गाव झालं होतं. गल्लीगल्लीत फिजिक्स, जिन्याखाली केमिस्ट्री. ट्यूशनवाले पोराच्या मार्कांचा मेसेज बापाच्या मोबाईलवर पाठवायचे, आणि संस्थेत साध्या दाखल्याला चार चकरा. सचिव श्रीपादरावांना याची लाज वाटू लागली. त्यांनी पुण्याहून एक कंपनी बोलावली. कंपनीनं वरद नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनिअर पाठवला. पोरगा गुणी होता. तीन महिने खपून त्यानं थोरल्यांचा सगळा संसार जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत नेऊन बसवला. नव्याचे नऊ दिवस म्हणावं, तर इथं नऊ दिवस आधीपासूनच कौतुक चालू होतं.

शनिवारी सकाळी थोरल्यांचा निरोपसमारंभ झाला. भंगारवाल्याचा ट्रक पाच वाजता यायचा होता. वरदनं पडद्यावर आकडे दाखवले आणि शेवटी म्हणाला, ‘‘जुन्या यंत्रात अकराशे चाळीस नावं दुबार होती. ती मी काढून टाकली.’’ टाळ्या पडल्या. पेढे फिरले.

प्रेमलाबाईंचा पेढा हातातच राहिला. ‘‘त्यातलं एखादं दाखव की बाळा.’’

‘‘हे बघा ना. बालाजी आर. बिराजदार, जन्म एक जून सत्त्याऐंशी. हा सात वेळा होता. आता एकदाच आहे.’’

प्रेमलाबाईंना आधी हसू फुटलं, मग घाम.

एक जून म्हणजे काय, ते पुण्याच्या पोराला कोण सांगणार? आपल्याकडं गुरुजी पोराला पहिलीत बसवायचे, तेव्हा आईला तारीख विचारायचे. आई म्हणायची, पोळ्याच्या आधी. गुरुजी लिहायचे, एक जून. अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि कुणीच केक कापत नाही.

त्यात त्र्याण्णवचा भूकंप. गावंच्या गावं गेली, शाळा गेल्या, शाळांची रजिस्टरं मातीत गेली. पत्र्याच्या शेडमधल्या शाळा संस्थेनं चालवायला घेतल्या, आणि गुरुजी पोरांच्या याद्या घेऊन प्रेमलाबाईंकडं आले. नावं त्याच त्या पाच-सात देवांची, आडनावं गावात मिळून दोन, तारीख एक जून, आणि बापाच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर घ्यायची थोरल्यांची रीत. दिवाळीनंतर निकाल लागला तेव्हा एका बालाजीचे मार्क दुसऱ्या बालाजीला, आणि दोघंही पास म्हणून खूश. गुरुजींच्या नाकी नऊ आले.

तेव्हा प्रेमलाबाईंनी कुणालाही न विचारता एक उद्योग केला. पत्त्याला तीन ओळी होत्या. ज्यांचं घरच उरलं नव्हतं त्यांची तिसरी ओळ कशानं भरणार? बाई शेडमध्ये गेल्या, एकेका पोराला समोर उभं केलं, आणि त्याची खूण त्या ओळीत लिहिली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली, जागा तीस अक्षरांची. नवी पेटी बांधताना वरदनं नेमकी ती ओळ कचरा म्हणून सोडून दिली होती. ट्रक गेला की तीही गेली. घर गेलेल्या, कागद गेलेल्या पोरांचं आता नावही जाणार होतं, आणि तेही पेढे वाटून.

बाईंनी हे सगळं सांगितलं. वरद ऐकून घेत होता, पण मान हलवत होता. ‘‘मॅडम, ही माणसं खरंच वेगळी आहेत याला पुरावा काय?’’

श्रीपादरावांनी घड्याळ बघितलं. ‘‘पाचपर्यंत पुरावा आणा बाई. ट्रक परत जाणार नाही.’’

प्रेमलाबाईंनी समोरच्या खानावळीत फोन लावला. ट्यूशनच्या तीनशे पोरांना जेवू घालणारा तिचा मालक म्हणजे त्या सातांतलाच एक बालाजी. ‘‘बालाजी, तुझ्या नावाचे सगळे गोळा कर. चारच्या आत.’’

‘‘हाव बाई. भाजी उतरवतो अन् निघतो,’’ तो म्हणाला. कशाला, हे त्यानं विचारलंही नाही.

साडेतीनपासून कचेरीच्या आवारात बालाजी जमू लागले. एक अहमदपूरहून एसटीनं आला, खाकी कपड्यांतच. तो कंडक्टर होता. एक रेणापूरहून मोटारसायकलवर दुधाच्या कॅनसकट. दोन जण ट्यूशनमध्ये शिकवायचे, ते बोटांना खडू घेऊनच आले. एकाचं लग्न ठरलं होतं, तो हळदीच्या अंगानं आला, सोबत हसून बेजार झालेल्या करवल्या. हाताच्या काकणाला आरसा कशाला? सात बालाजी थोरल्यांच्या खोलीत चपला काढून ओळीनं उभे राहिले. वरदच्या पडद्यावर एकच होता. वरद एकदा पडद्याकडं बघे, एकदा ओळीकडं.

प्रेमलाबाईंनी थोरल्यांवर तिसरी ओळ काढली. ‘‘वाच.’’

वरद अक्षरं जुळवत वाचू लागला. ‘‘डाव्या भुवईवर खोक.’’ कंडक्टरनं टोपी मागं सारली. ‘‘हाताला सहा बोटं.’’ एका मास्तरानं हात वर केला. ‘‘लई बोलतो.’’ दुसरा मास्तर बोलायला लागला, त्याला गप्प करावं लागलं. ‘‘म्हशीला घाबरतो.’’ दूधवाला लाजला. ‘‘आता आठ हायेत माझ्याकडं,’’ तो म्हणाला. ‘‘आजी गंगम्मा, शेडमध्ये बसते.’’ नवरदेवाच्या करवल्यांनी एकच गलका केला. ‘‘कान टोचलेले, एकच.’’ सहावा मान वळवून कान दाखवू लागला. श्रीपादरावही आता पोट धरून हसत होते.

सातवी ओळ आली. वरदनं ती मनात वाचली आणि प्रेमलाबाईंकडं बघितलं.

‘‘वाच की,’’ खानावळवाला बालाजी म्हणाला. ‘‘माझीच राहिली. माझी काय खूण हाय?’’

वरदनं हळू वाचलं. ‘‘कोणी नाही. मी ओळखते. प्रेमला.’’

खानावळवाल्याच्या हाताला अजून कणीक होती, तो ती पुसत राहिला. खानावळीपासून वीस पावलांवर कचेरी आणि तिथं ही बाई, रोज दुपारी त्याच्याकडं जेवणारी, वरण पातळ झालं म्हणून रागावणारी.

वरद जागेवर बसला. त्यानं नव्या पेटीत एक रकाना वाढवला, त्याला ‘ओळख’ असं नाव दिलं, आणि अकराशे चाळीस पोरं एकेक करून परत आत येऊ लागली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. कंडक्टर बालाजी ड्रायव्हरला थांबवायला गेला. त्याला तो अनुभव होता.

‘‘बाई,’’ खानावळवाला शेवटी म्हणाला, ‘‘सतरा वर्षं झाली. एवढं लिहून ठेवलं, अन् मला कधी सांगितलं न्हाई?’’

प्रेमलाबाईंनी सकाळी न खाता ठेवलेला पेढा त्याच्या तोंडात घातला.

‘‘तीसच अक्षरं होती रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जागा संपली.’’