पाच घरं आणि एक टोपण

डेलिथ प्रोबर्टने नोकरी सोडली ती मार्च महिन्यात, आणि तिच्या नवऱ्याच्या मते तिची पहिली चूक तीच होती.

"थंडी संपत आली आणि तू बॉयलरचा धंदा मांडतेयस," मर्व्हिन म्हणाला. "आता लोक खिडक्या उघडतील. बॉयलर आठवणार कुणाला?"

"ऑक्टोबरात आठवतील."

"आणि तोवर तू घरात बसणार? तू? बसणार?"

 डेलिथला बसता येत नाही हे सगळ्या ब्लायना गावाला ठाऊक होतं. शर्टांच्या कारखान्यात नऊ वर्षं तिने शिलाई मशिनवर काढली, तीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत मशिनची झाकणं उघडून आत डोकावत. तिच्या एकोणतिसाव्या वर्षी कारखाना बंद पडला. बाकीच्या बाया दुकानांतून कामाला लागल्या, ही गॅसच्या कामाचा परवाना काढायला गेली. वर्गात वीस पुरुष आणि ही एकटी. मग चौदा वर्षं एका मोठ्या कंपनीत घर गरम ठेवणारे गॅसचे बॉयलर घरोघरी जाऊन तपासले. एका घराला अर्धा तास. पंचवीस मिनिटं झाली की खिशातला फोन थरथरायचा.

एकदा एका घरी आतली पेटी काजळीने गच्च भरलेली निघाली. ती साफ करण्यात दीड तास गेला. साहेबाने दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, "झाकण काढलंसच कशाला? वरवर बघायचं, कागदावर खूण करायची आणि निघायचं."  त्या दिवसापासून डेलिथला जेवण गोड लागेना. आपण खूण केलेल्या किती घरांत काय काय राहून गेलं असेल, हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. महिन्याभरात तिने राजीनामा दिला.

उन्हाळा मर्व्हिनच्या अंदाजाबरहुकूम गेला. फुलं विकणाऱ्या एका बाईची जुनी गाडी डेलिथने घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, आणि डोंगरउतारावरच्या एकूण एक गल्लीत दारोदार चिठ्ठ्या टाकल्या. फोन वाजेना. तो बिघडलाय की काय म्हणून शेजारणीच्या फोनवरून तिने स्वतःलाच फोन लावून पाहिला. घरचा बॉयलर तीनदा खोलून साफ केला.

"अगं, त्या बिचाऱ्याला आता झोपू दे," मर्व्हिन म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा, आणि सुट्ट्या लागल्यापासून तोही घरीच होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाड्यांच्या काचांवर पहाटे पांढरा थर धरला आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. क्रॅडॉक नावाच्या माणसाची गावात भाड्याने दिलेली बारा घरं होती. तो म्हणाला, "आधी एक करून दाखव. काम पसंत पडलं तर बाराही तुझी." तेही डेलिथने गुरुवारच्या यादीत घातलं. गुरुवारी एकूण पाच घरं झाली. ती पाच वाजता घरी आली तेव्हा चक्क शीळ वाजवत होती.

हात धुवायला म्हणून तिने बाह्या सारल्या, शर्टाच्या खिशात काहीतरी टोचलं, आणि तिने ते बाहेर काढलं. काळं रबरी टोपण. बोटाच्या पेराएवढं.

बॉयलरमध्ये गॅस नीट जळतोय की नाही हे पाहायला धुराच्या नळीत मीटरची सळई घालतात. त्यासाठी नळीला एक बारीक भोक असतं, आणि त्या भोकावर हे टोपण. माप घेईपर्यंत डेलिथ ते खिशात ठेवायची, मग परत बसवायची. बसवलं नाही तर धूर घरातच येत राहतो. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपला तर झोपलेलाच राहायचा.

"मर्व्हिन," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्याने चहाची किटली खाली ठेवली. "पाचपैकी एका घराचं टोपण माझ्याकडे आलंय."

"कुठल्या?"

"तेच तर आठवत नाहीये!"

मर्व्हिन तिच्याजवळ आला. "हे बघ, घाबरू नकोस. कागदावर सही राहिली म्हणून सांग, आत जा, हळूच बसव. कुणाला कळायचंही नाही."

"आणि मी पोचेपर्यंत? बॉयलर तर आत्ता चालू आहेत."

ती फोन घेऊन परसात गेली आणि येरझारा घालत एकेक नंबर लावत सुटली. प्रत्येकाला तेच सांगितलं: माझ्या हातून तुमच्या बॉयलरचं टोपण बसवायचं राहिलं असण्याची शक्यता आहे, बॉयलर लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मी येतेय. शाळामास्तरीणबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. चॅपेलचा, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चचा, राखणदार कुरकुरला. म्हाताऱ्या हेडन बोवेनला गंमतच वाटली. "म्हणजे माझ्या बॉयलरची टोपी हरवली म्हणतेस? अगं पोरी, माझंही डोकं वीस वर्षं उघडंच आहे."

क्रॅडॉकच्या घरातली भाडेकरीण, रियान, मात्र हसली नाही. "शक्यता आहे म्हणजे काय? वरच्या खोलीत माझा नवरा झोपलाय! रात्रपाळी करून आलाय!"

"त्याला उठव. बाहेर ने. आधी बॉयलर बंद कर."

"तुला काम येत नव्हतं तर आलीसच कशाला?" रियान ओरडली आणि फोन आपटला.

पाचवा फोन नुसता वाजत राहिला. ऑलवेन टडबॉल, वय एक्क्याऐंशी, घरात एकटी. डेलिथने तीनदा लावला. मग चहा तसाच टाकून ती गाडीत बसली. मर्व्हिनही न विचारता शेजारी येऊन बसला.

"हळू चालव," तो एकदाच म्हणाला.

टडबॉलबाईंच्या खिडकीत दिवा होता. दार वाजवलं, उत्तर नाही. डेलिथने वाकून पत्रं टाकायच्या फटीतून आत पाहिलं. टीव्ही मोठ्याने चालू होता, खुर्चीची पाठ दिसत होती, आणि खुर्चीच्या हातावरून एक हात खाली लोंबत होता.  ती खिडकीवर दोन्ही मुठींनी बडवायला लागली. आत टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. मर्व्हिन दाराला खांदा लावणार इतक्यात तो लोंबता हात हलला, डोकं वळलं, आणि टडबॉलबाई चष्मा शोधायला लागल्या.

"काय गं, घर पाडतेस का?" दार उघडत त्या म्हणाल्या. कानातलं यंत्र त्यांनी टेबलावर काढून ठेवलं होतं. "सकाळीच तर येऊन गेलीस."

डेलिथ त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात धावली. टोपण जागच्या जागी होतं. तिने ते दोनदा दाबून पाहिलं. टडबॉलबाईंनी मागून येऊन दोघांच्या हातावर एकेक वेल्श केक ठेवला, आणि ही दोघं का हसतायत, का रडतायत, हे त्यांना काही कळलं नाही.

मास्तरीणबाईंकडे टोपण होतं. चॅपेलमध्ये होतं. हेडन बोवेनकडेही होतं. आता एकच घर उरलं.

रियान दारातच उभी होती, आणि मागच्या अंगणात तिचा नवरा लॉइड गोधडी गुंडाळून उलट्या बादलीवर बसला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलर होता. नळीवरचं भोक उघडं होतं.

डेलिथने टोपण बसवलं. हवेतला विषारी वायू मोजणारा मीटर लावून घरभर फिरली. खिडक्या उघड्या असूनही जिन्यावर आकडा शून्य नव्हता. धोक्याच्या बराच खाली होता, पण शून्य नव्हता. तिने तो रियानला दाखवला.

"तुमच्याकडेच राहिलं. माझ्याच हातून राहिलं," ती म्हणाली. "लॉइड, डोकं दुखतंय? मळमळतंय?"

"डोकं दुखतंय ते हिच्या ओरडण्याने," लॉइड म्हणाला.

"थट्टा नको. डॉक्टरकडे जाऊन ये. आजच." मग तिथेच उभं राहून तिने क्रॅडॉकला फोन केला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. रियान हाताची घडी घालून ऐकत होती. क्रॅडॉक शांतपणे म्हणाला, "बाई, सांगितलंत ते बरं केलंत. पण माझ्या घरांना आता तुम्ही नको."

 गाडीत मर्व्हिन म्हणाला, "बारा घरं गेली."

"माणूस बादलीवर बसलेला होता ना? मग झालं."

लॉइडच्या रक्तात डॉक्टरांना काही सापडलं नाही. रियान बेकरीत कामाला होती, आणि तिने पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ही हकिकत सांगितली. काही जणांनी डेलिथला ठरलेली वेळ रद्द करायला फोन केले. काही जणांनी मुद्दाम तिलाच बोलावलं, कारण चूक झाल्यावर जी स्वतःहून परत येते तीच बरी, असं त्यांना वाटलं. गेलेले जास्त की आलेले, हे डेलिथने कधी मोजलं नाही. त्या हिवाळ्यात गाडी मात्र एक दिवसही उभी राहिली नाही.

त्या दिवसापासून ती टोपण खिशात ठेवत नाही, दातांत धरते. कुणी काम चालू असताना गप्पा मारायला लागलं की नुसती मान हलवते. त्यामुळे नव्या लोकांना ती शिष्ट वाटते. काम आटोपून दार ओढून घेतलं तरी कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा मागे फिरते, पुन्हा बेल वाजवते. हेडन बोवेन आता ती गेल्यावर दार लावतच नाही; पाच मिनिटं उघडंच ठेवून आत चहा पीत बसतो.

"डॉक्टरला दाखव हे," मर्व्हिनने एकदा सांगून पाहिलं. "याला काहीतरी नाव असेल."

"असू दे की," डेलिथ म्हणाली, बुटांच्या नाड्या बांधत. "मास्तरीणबाईंच्या बॉयलरचा दाब मघाशी मला जरा कमी वाटला. मी आलेच."