साधारण प्रयत्न

माझे सासरे बेसबॉलचे स्कोअरर होते, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. नागपूरच्या वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक, वय बहात्तर, भर जुलैत डोक्याला माकडटोपी, आणि बेसबॉल! पण होते खरे. लीड्समध्ये, आमच्या घरामागच्या पार्कात, एक अख्खा उन्हाळा. उन्हाळा म्हणजे तिकडचा, दर दोन दिवसांनी पाऊस. अजून कुठे ओल्या गवताचा वास आला की मला ते रविवार आठवतात आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

ते आले ते सासूबाई गेल्यानंतर दहा महिन्यांनी, सहा महिन्यांच्या व्हिसावर. नवरा मँचेस्टरला आयटीत, आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी कपडे धुवायला घरी यायचा. म्हणजे घरात मी आणि बाबा. मला त्यांची भीती वाटायची. का, ते सरळ सांगून टाकते, आडवळणाने सांगायचा मला कंटाळा आहे. मी डॉक्टर. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला नागपूरहून फोन केला होता. छातीत जळजळतंय, पाठ भरून आलीय म्हणाल्या. मी वॉर्डात होते, पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, गोळी घ्या आणि सकाळी दाखवून या. पहाटे त्या गेल्या.

या फोनबद्दल बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तेराव्यालाही नाही, नंतरही नाही. मीही मूग गिळून बसले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तू कशाला मनाला लावून घेतेस, वेळ आली होती. बाबांचं काय मत होतं ते मात्र कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी ते चहाला बसले की मला वाटायचं, आज विचारणार. ते विचारायचे, "साखर कमी केली का?"

पहिले तीन आठवडे ते खिडकीशी बसून होते. त्या वर्षी भारताची टीम इंग्लंडला येणार होती. मी म्हटलं, बाबा, तिकिटं काढू या का. "क्रिकेट नको," एवढंच. आयुष्यभर क्रिकेटवर जीव टाकलेला माणूस. मला वाटलं, दुःखात आहेत, सोडून द्या.

मग एका रविवारी फिरायला गेलेले बाबा दोन तास परतले नाहीत. मी घाबरून पार्कात गेले, तर हे एका जाळीमागे हात पाठीशी बांधून उभे. पलीकडे पंधरावीस माणसं बेसबॉल खेळत होती. कुणी प्लंबर, कुणी मास्तर, दोघेतिघे विद्यार्थी, पोटं सुटलेली, हौशी. "काय करून राहिले बाबा इथे?" मी त्यांच्याच नागपुरीत विचारलं. "मोजून राहिलो," ते म्हणाले. "यांचा फळा चुकला आहे. एक आऊट जास्त लावला आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी ही गोष्ट पिचरला सांगितली. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, तोच टीमचा कॅप्टनही होता. पंचेचाळिशीचा पोस्टमन, लालबुंद मानेचा. मला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण. पण पोस्टमनने फळा पाहिला, बोटांवर मोजलं आणि विचारलं, पुढच्या रविवारी मोकळे आहात का? त्यांची स्कोअरर बाळंत झाली होती आणि कुणालाही त्या चौकोनी खणांचा कंटाळा होता. बाबा मोकळेच होते. जन्मभर त्यांनी भाजीवाल्यांची वजनं तपासून शिक्के मारले होते. त्यांना फक्त नियमांचं पुस्तक हवं होतं, ते पोस्टमनने दिलं. त्याच्याबरोबर विक्रमांचं एक जाडजूड पुस्तकही दिलं, पानं सुटलेलं.

मग आमच्या घरात ते पुस्तक सुरू झालं. मी पोहे ढवळतेय आणि मागून आवाज. "ऐकून राहिली का? हा एक पिचर, पाचशे अकरा मॅच जिंकला. सगळ्यांत जास्त. आणि सगळ्यांत जास्त हरलेलाही हाच." किंवा, "एक जण सलग दोन हजार सहाशे बत्तीस मॅच खेळला. एक रजा नाही. आमच्या खात्यात असा एक माणूस दाखव." अगदी पहिला परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या टीमचा एकही माणूस धावेच्या पहिल्या थांब्यापर्यंत, पहिल्या बेसपर्यंतसुद्धा न पोचलेला, झाला आणि पाचच दिवसांत दुसऱ्या कुणी दुसरा केला, याचं त्यांना फार हसू यायचं. पहिल्याला बिचाऱ्याला आठवडाभरही मिरवू दिलं नाही. ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत आयुष्यभराच्या होमरन्सचा, म्हणजे तिकडच्या षटकारांचा, विक्रम मोडला, तर बाबांनी पुस्तकात सातशे पंचावन्नवर एक आडवी रेघ मारली, शेजारी सातशे छप्पन्न लिहिलं आणि खाली सही केली. मी म्हटलं, बाबा, पुस्तक दुसऱ्याचं आहे. "म्हणून तर सही केली," ते म्हणाले.

मला खरं सांगायचं तर राग यायचा. बायको गेलेल्या माणसाने असं आनंदात असावं का, असा नव्हे. उलट, ते इतके बोलत होते, आणि एकच गोष्ट बोलत नव्हते, याचा.

त्यांना सगळ्यांत आवडली ती या खेळातली एक रीत. बेसबॉलच्या फळ्यावर तीन आकडे लावतात. रन, हिट आणि एरर. "चुका फळ्यावर लावतात," बाबा म्हणाले. "क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर शिव्या देतात आणि विसरून जातात. इथे नावावर चढते." चेंडू फील्डरकडून निसटला, तर ती त्याची चूक की मारणाऱ्याचं कसब, हे स्कोअररने ठरवायचं. नियम असा, की साधारण खेळाडूने साधारण प्रयत्नात अडवला असता, तर ती एरर. नाही तर हिट. पुस्तकात एक खेळाडू होता, त्याच्या नावावर हजाराच्या वर एरर होत्या. बाबा त्याच्यावर फिदा. "हजार चुका केल्या, आणि तरी त्याला रोज उभं करत होते."

सप्टेंबरात शेवटचा सामना होता. पोस्टमनच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तो परत चेंडू टाकणार नव्हता. त्या दिवशी त्याचा हात असा काही चालला, की समोरच्यांना एकही हिट मारता येईना. चार डाव झाले, पाच झाले, सहा झाले. मी थर्मास आणि चिवडा घेऊन गेले होते. मी बाबांना म्हटलं, अहो, यांना तर एकही... बाबांनी माझ्या हातावर चापट मारली. "नाव काढायचं नाही." एकही हिट न देता अख्खा सामना काढणं याला नो-हिटर म्हणतात, आणि तो होत असताना त्याचा उच्चार करायचा नाही अशी त्या लोकांची रीत आहे. त्या क्लबात तसा सामना कुणीच कधी काढला नव्हता. पहिला ठरला असता. आपल्या बाकावर पोस्टमन एकटा बसला होता, त्याच्या शेजारी कुणी बसेना. बाळंतघराबाहेर बसतात तसे सगळे बसले होते.

नऊपैकी आठव्या डावात एक चेंडू सरपटत गेला. मधल्या जागेवरचा फील्डर, शाळामास्तर, आडवा झेपावला. चेंडू त्याच्या ग्लव्हच्या टोकाला लागला आणि पुढे निघून गेला. मारणारा पहिल्या बेसवर पोचला. सगळं मैदान बाबांच्या टेबलाकडे वळलं. एरर लिहिली असती तर नो-हिटर शाबूत. हिट लिहिली तर संपलं. बाबांनी चष्मा वर केला, थोडा वेळ मैदानाकडे बघितलं आणि खणात लिहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "हिट."

सामना आपण जिंकलो, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोस्टमन टेबलाशी आला. ग्लव्हला लागला होता, म्हणाला. बाबा म्हणाले, लागला होता, पण तिथवर पोचणं हा साधारण प्रयत्न नव्हता, तुझ्या माणसाने जास्तच केला. मग मास्तर आला, गुडघे सोललेले. मला एरर द्या, म्हणाला, मला चालेल, मला हवी आहे. त्याचे डोळे भरले होते. बाबा त्याला इंग्रजीत म्हणाले ते मी मराठीत सांगते. चूक अशी मागून मिळत नाही, बेटा. पोस्टमन म्हणाला, नियमाप्रमाणे निकाल बदलायला चोवीस तास असतात, विचार करा. आणि बॅग उचलून निघून गेला. हात न मिळवता. सगळा उन्हाळा बाबांना हाक मारल्याशिवाय तो मैदानात उतरत नव्हता.

गाडीत बसल्यावर माझं डोकं सणकलं. "काय बिघडलं असतं बाबा? तो परत खेळणार नाही. तो माणूस स्वतःहून चूक मागत होता. या अख्ख्या देशात तुम्हाला चार माणसं होती, तीही घालवलीत. पाच आठवडे राहिलेत, आता परत खिडकीत बसणार?"

"नसलेली चूक लिहू काय?"

"आणि असलेली?" माझ्या तोंडून निघून गेलं. "असलेली लिहीत का नाही? वर्ष झालं. माझा फोन माहीत आहे ना तुम्हाला? मी गोळी घ्या म्हटलं ते? मग बोला की. एकदा काय ते बोलून टाका, मला नाही सहन होत."

मी गाडी सुरूच केली नव्हती. काचेवर पाऊस सुरू झाला होता. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा घाबरलेला दिसला.

"मी समजून राहिलो होतो, तू मला विचारणार आहेस," ते म्हणाले. "म्हणून येत नव्हतो. मुलाने तिकीटच पाठवलं, मग काय करू. रोज सकाळी वाटायचं, आज विचारणार ही. बाबा, तुम्ही तर घरातच होता ना?"

"घरातच म्हणजे?" मी विचारलं.

"तिनं आधी मला सांगितलं होतं. दुखून राहिलं म्हणून. मी सोफ्यावर होतो. वेस्ट इंडीजमधली मॅच लागली होती. मान पण नाही वळवली मी. म्हटलं, सुनेला लाव फोन, डॉक्टर सून कशाला केली. दवाखाना रस्ता ओलांडला की होता. तू सात समुद्र पलीकडे, तुला दिसत नव्हती ती. मला दिसत होती. आता तू सांग. तू डॉक्टर आहेस. साधारण माणसानं साधारण प्रयत्नात वाचवली असती का?"

मी पेशंटच्या नातेवाइकांना हे उत्तर रोज देते. काही करता आलं नसतं, फार अचानक झालं, स्वतःला दोष देऊ नका. सगळं जिभेवर आलं होतं. पण समोर ते बसले होते, ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी एका माणसाचा जन्माचा विक्रम नाकारला होता, तो खरा नव्हता म्हणून.

"कदाचित," मी म्हटलं. "संध्याकाळी नेलं असतं तर पहाटेपर्यंत भरपूर वेळ होता. खात्रीने नाही, पण कदाचित वाचल्या असत्या. मी चुकले बाबा. आणि तुम्हीही."

बाबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. "हे कुणी बोललंच नाही," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, वेळ आली होती." आणि रडायला लागले. मोठ्याने, माकडटोपी तोंडाशी धरून. मीही रडले, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. रागाने की सुटल्यासारखं वाटलं म्हणून, मला सांगता येणार नाही. पार्क रिकामं झालं. कुत्र्याला फिरवणारी एक बाई वाकून आत बघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोस्टमनला फोन केला आणि सांगितलं, चोवीस तास विचार केला, हिटच आहे. तो काय म्हणाला ते मला सांगितलं नाही. त्यानंतर एकदा त्याने दारातल्या टपालाबरोबर एक चॉकलेटचा डबा ठेवला होता, चिठ्ठीशिवाय. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी गाडीत, डोळे पुसून झाल्यावर, त्यांनी मला विचारलं, "फोनवर आणखी काय बोलली ती? शेवटी?"

मी हे वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं, "मी विचारलं, बाबांना देता का फोन. तर म्हणाल्या, नको गं, मॅच बघतायत, किती दिवसांनी असे खुशीत आहेत, बघू दे."

बाबा पावसाकडे बघत म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.