मशीनला मारलेले टोमणे

शिंपीणबाईंना लेक नव्हती, ही त्यांच्या सुनेची खरी अडचण. लेक असती तर 'लेकी बोले सुने लागे' हा मळलेला रस्ता होताच. लेकच नाही म्हटल्यावर बाई शिवणाच्या मशीनला बोलत. "ऐकलंस का गं, आज लोक चक्क उजाडायच्या आत उठलेत," असं चाकावर हात ठेवून म्हणायच्या, आणि सून बिचारी कोपऱ्यात काज-बटणं करत मान आणखी खाली घालायची.

शिवी देतात, टोमणा मात्र मारतात, आणि मारलेला कुठे दिसत नाही. बाईंचं म्हणणं, हा शब्द टोचण्यावरूनच आला असणार. शब्दकोशवाले काय म्हणतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाईंनी स्वतःच्या सासूकडून वर्षानुवर्षं टोचून घेतलं होतं, तेवढा पुरावा त्यांना बस होता. मनाने वाईट नव्हत्या हो. सरळ बोलायची जिभेला सवयच नव्हती, त्याला काय करणार?

हल्ली त्यांना सुईचं भोक दिसेना. हे कुणाला सांगितलं नव्हतं. दुकान सुनेच्या हाती द्यायचं मनात होतं, तर सून कपड्यांच्या कारखान्यात कामाला जायचं म्हणत होती. त्या दिवशी तिने शिवलेला कोट बाईंनी बोटांनी चाचपला. बाही खांद्यावर अशी बसली होती की एकही सुरकुती हाताला लागेना. बाई मनापासून म्हणाल्या, "छान शिवलास गं. माझ्याहून छान."

जेवून येऊन बघतात तर दोन्ही बाह्या उसवून टेबलावर पडलेल्या. सून लाल डोळ्यांनी उरलेले टाके काढत होती.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, आई, छान झालाय म्हणून. कळतं मला. एवढा परत शिवते आणि उद्यापासून कारखान्यात जाते."

बाईंनी उसवलेली बाही उचलली आणि परत ठेवली. पुन्हा छान म्हणावं तर ते आणखीच झोंबणार. शपथ घ्यावी तर तीही तिरकी वाटणार. पेरलं तेच उगवलं होतं. त्यांना रडू येत होतं, पण सुनेपुढे रडतात कसं तेही माहीत नव्हतं. त्यांनी सुई आणि दोरा उचलून तिच्यापुढे धरला.

"ओवून दे. मला दिसत नाही."

सुनेने या वाक्यातही काटा शोधला. सापडला नाही.

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. कोट मी बोटांनीच पाहिला. बोटांना टोमणे मारता येत नाहीत."

सुनेने दोरा ओवून दिला. मग बाही जागेवर धरून टाचली, ती मशीनवर बसली आणि चाकावर हात ठेवून मशीनलाच म्हणाली, "ऐकलंस का गं? लोकांचे डोळे अधू झाले, तेव्हा कुठे माझी शिलाई दिसली."

टोमणा नेमका बसला. बाईंना लागलाही. आजवर कुणाला हात लावू न दिलेली आपली मोठी कात्री त्यांनी हळूच मशीनकडे सरकवली.