स्टॅनच्या पिकअपचा व्हॉल्व्ह

स्टॅन ह्रुस्का अॅक्रनमध्ये एकोणीस वर्षं माझा शेजारी होता, तरी त्याच्या बायकोचं नाव इलोना हे मी तो गेल्यावर पेपरात वाचलं. त्याच्यावर लिहायला मी योग्य माणूस नाही. पण त्या दिवशी अंगणात मी होतो.

इलोना अकरा मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती. स्टॅन रोज दुपारी पिकअपनं जाऊन तिला सूप भरवायचा. दुसऱ्या कुणासाठी ती तोंड उघडत नसे. तिकडे बस जात नव्हती. पिकअप धुराच्या चाचणीत दोनदा नापास झाला, तेव्हा मुलगी मार्लीन म्हणाली, "आता नापास झाला की विकायचा, डॅड."

एप्रिलमधल्या शनिवारी त्यानं इंजिन चालू करून बॉनेट उघडलं. त्याचा संशय धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर होता.

"खालून बोटांनी चकती वर दाबायची," तो म्हणाला. "इंजिन अडखळलं तर ठीक. नाही अडखळलं तर वाट काजळीनं बुजलीय. तू लांब राहा, तुला साधी बरणी उघडत नाही."

त्यानं चकती दाबली. इंजिन तसंच चालत राहिलं.

"बुजलीय! बघ, बुजलीय!" बोटं तिथंच ठेवून तो मला समजावत बसला. करपल्याचा वास आला. मला वाटलं, तेल असेल.

मार्लीन बाहेर आली आणि तिनं त्याचा हात खेचून काढला. दोन बोटांची कातडी गेली होती.

"दुखत नाही?"

"काय?" मग त्यानं बोटांकडे पाहिलं.

"साखरेच्या आजारानं हात असे बधिर झालेत, मग पाय? ब्रेक दाबलेला तरी कळतो का तुला?"

"कळतो."

"डोळे मीट." तिनं टाच त्याच्या बुटावर ठेवली आणि सगळा भार टाकला. "सांग, कुठला पाय?"

स्टॅन म्हणाला, "डावा."

उजवा होता.

किल्ल्या ती घेऊन गेली. स्टॅनचं निदान बरोबर होतं. विकत घेणाऱ्यानं काजळी खरवडली आणि पिकअप पास झाला. मार्लीन बापाला फक्त रविवारी न्यायची. मी नेतो, असं मला म्हणता आलं असतं, गाडी होती माझ्याकडे. इलोनाला नळीनं भरवू लागले. जूनमध्ये ती गेली.

सप्टेंबरात तो कुंपणाशी उभा दिसला.

"कचऱ्याची गाडी उद्या की परवा?" त्यानं विचारलं.

"परवा. सोमवारी सुट्टी होती, एक दिवस पुढे गेलंय."

"बरं," तो म्हणाला.