वैद्यबुवांचा खून आणि आमचा छापखाना

छापखाना असलेल्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत. केर काढताना कोपऱ्यात शिशाचे टाईप सापडतात ना, तसे तेही सापडत राहतात. आमचा छापखाना देऊळगाव राजात, घराच्या पुढच्या खोलीत. मधे फक्त एक पडदा. पलीकडे साप्ताहिक, अलीकडे माझा स्टोव्ह! त्यामुळे बातमी आधी मला कळायची आणि मग गावाला.

लोक अजूनही विचारतात, "वहिनी, ते वैद्यबुवांचं प्रकरण सांगा ना!" आमचे हे ती गोष्ट फार रंगवून सांगायचे. शोध, सापळा, सस्पेन्स! ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही सगळे डिटेक्टिव्हच होतो. खरं सांगू? आम्ही सगळे नुसते घाबरलेलो होतो.

\*

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. ह्यांनी शाळेतली नोकरी सोडून पेपर काढला, तरी गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. मदतीला दोघं. कंपोझ करायला बाबूमियाँ, ऐकायला जरा कमी. आणि बातम्यांना वसंता, डोणगावचा, सायकलवर हिंडणारा. बैलबाजार, शाळेचं गॅदरिंग, कुणाची म्हैस हरवली, असल्या आमच्या बातम्या.

आणि एका दुपारी वसंता धापा टाकत आला. "मास्तर, वैद्यबुवाले कोनं तं मारलं!"

वैद्यबुवा म्हणजे गावचे जुने वैद्य. एकटेच राहायचे. निम्म्या गावाची नाडी त्यांच्या हाताखालून गेलेली. घरातच, औषधं कुटायच्या दगडी खलाशेजारी पडलेले सापडले. डोक्याला मार.

हे खुर्चीवर बसले ते बसलेच. मग उठून लिहायला लागले. इतक्या घाईनं लिहिलं की बाबूमियाँना अक्षर लागेना. खून, खल, खोली, खळबळ! पान निम्मं जुळलं आणि बाबूमियाँ येऊन उभे राहिले.

"मास्टरसाब, ख खतम हो गया."

"म्हणजे?"

"बैलबाजार को इतना नहीं लगता था. और खून छापने हों, तो पहले ख मंगवाओ!"

कुणी हसलं नाही. हसायचं सुचलं ते फार पुढे.

\*

दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी गंगारामला उचललं. हा माळी. वैद्यबुवांना रोज सकाळी भाजी आणि दुपारी औषधाला ताजा पाला आणून द्यायचा. प्रेत पहिल्यांदा त्यानंच पाहिलं. डोकं मांडीवर घेऊन बसला, म्हणून धोतराला रक्त.

आमचे फौजदार होते साताऱ्याकडचे, नवीनच बदलून आलेले. वऱ्हाडी त्यांच्या कानाला बसलेली नव्हती. त्यांनी विचारलं, "तू तिथं काय करत होतास?" आता गंगारामला सांगायचं होतं की मी दारातून हाका मारत होतो. पण भीतीनं त्याचे शब्द मागेपुढे झाले. तो म्हणाला, "साहेब, मी वैद्यबुवाले मारून राह्यलो होतो दारातून, हाका!"

फौजदारांनी 'मारून'पर्यंत ऐकलं. पुढचं ऐकायची त्यांना गरजच वाटली नाही!

हे वसंतानं एका शिपायाकडून काढलं. ह्यांच्यातला मास्तर जागा झाला. टोपी घालून तडक चौकीत गेले आणि फौजदारांना समजावू लागले. आमच्याकडे 'मारून राह्यलो होतो' म्हणजे मारत होतो, 'जाऊन राह्यलो' म्हणजे जातो आहे. हा अपूर्ण काळ आहे, साहेब, आणि कर्म आहे हाका!

फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तर, व्याकरणावर मी माणूस आत टाकत नाही, आणि व्याकरणावर सोडतही नाही!"

\*

त्या दिवसापासून गंगारामची बायको पारबती आमच्या पायरीवर येऊन बसायला लागली. रडायची नाही, भांडायची नाही. मी पाणी नेऊन दिलं की एवढंच विचारायची, "बाई, पेपरात आलं का वो, त्यानं नाही मारलं म्हणून?"

"अजून नाही, पारबती."

"मंग कवा येते?"

हे तर पुढच्या दारानं जायचंच सोडून मागच्या अंगणातून ये-जा करायला लागले. एकदा मी म्हटलं, "अहो, ती तुम्हाला खाणार आहे का?"

"ती विचारते ना," हे म्हणाले, "म्हणून भीती वाटते."

\*

ती आपल्या पेपरवर भरवसा ठेवून बसली आहे म्हटल्यावर शोध घेणं आलंच. वसंताला तर स्फुरण चढलं. वैद्यबुवांकडे मरणाच्या आदल्या आठवड्यात साखरखेर्ड्याचे एक गृहस्थ येऊन गेले होते, एवढं त्याला कळलं होतं.

"मास्तर, मी वेश बदलून जातो!"

धोतर, मुंडासं, तोंडावर उपरणं, खांद्यावर घोंगडी. मी स्वतः ओळखलं नाही हो! साखरखेर्ड्याच्या बाजारात शिरला आणि पहिल्याच दुकानातून हाक आली, "का हो वसंतराव, आज पेपर नाही आणला?"

सायकल! वेश बदलला, पण सायकल तीच. पुढे पेपरच्या नावाची पाटी लावलेली!

पण गडी रिकामा आला नाही. त्या गृहस्थांनी त्याला घरात बसवून सगळं सांगितलं. त्यांच्या मुलीला देऊळगावचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं नाव सांगायला मात्र ते तयार नव्हते. मुलाबद्दल विचारायला ते वैद्यबुवांकडे आले. "मुलगा कसा आहे?" वैद्यबुवा काहीच बोलले नाहीत. खल-बत्ता चालूच. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "पोरगी हुशार आहे म्हणता. शिकू द्या की अजून."

गृहस्थ समजले. घरी जाऊन त्यांनी नकार कळवला.

वसंता हे सांगत होता तेव्हा छापखान्यात आम्ही सगळे होतो, आणि बापूराव होते. बापूरावांचं कापडाचं दुकान होतं. रोज दुपारी दुकान बंद करून ते आमच्याकडे यायचे, खिडकीजवळ बसून नागपूर-मुंबईचे पेपर वाचायचे आणि माझ्या हातचा चहा घ्यायचे. आईवडील लहानपणीच गेलेले. धाकट्या भावाला, शरदला, त्यांनीच वाढवला. स्वतःचं लग्नही केलं नाही. इतका सज्जन माणूस की कपबशी स्वतः विसळून ठेवायचा.

वसंताचं ऐकून बापूराव हळूच म्हणाले, "वैद्यबुवा एक शब्द बरा बोलले असते, तर काय बिघडलं असतं?"

"हाव ना!" वसंता म्हणाला. आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

\*

गावात बातमी पसरली की मास्तर खुन्याच्या मागावर आहेत. झालं! हे सारखं मागे वळून पाहायला लागले. कुत्रं भुंकलं की वसंता आत. बाबूमियाँना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते तेवढे शांत.

एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर गाठोडं. फडक्यात घट्ट बांधलेलं, गोल गोल काहीतरी. आजूबाजूला कुणी नाही. हे म्हणाले, "हात लावू नका." वसंता म्हणाला, "बॉम्ब असते असा." मी देवाचं नाव घेत होते. शेवटी बाबूमियाँनी लांबून काठीनं गाठ सोडवली.

वांगी निघाली. काटेरी, जांभळी, ताजी वांगी!

तेवढ्यात पारबती नळावरून हातपाय धुऊन आली. आम्ही भिंतीला चिकटून उभे. तिनं वांग्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"वांग्याले काऊन भेता वो, मास्तर?"

मग म्हणाली, "तो आत हाये. मळा तं थांबत नाही. सडून जातीन, म्हनून तुमाले आनले." त्या दिवशी भरली वांगी केली. कुणाच्याच घशाखाली उतरली नाहीत.

\*

गंगारामला आता बुलढाण्याला नेणार, खटला उभा राहणार, असं कळलं. ह्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्या दुपारी त्यांनी एक मजकूर लिहून बाबूमियाँपुढे ठेवला. वैद्यबुवांच्या घरातून त्या दिवशी बाहेर पडलेली व्यक्ती एका गृहस्थांनी पाहिली आहे, गृहस्थांचं नाव पुढच्या अंकी.

वसंता वाचून उडालाच. "कोन गृहस्थ, मास्तर?"

"कुणी नाही."

"म्हंजे हे खोटं हाये?"

"खोटं नाही," हे म्हणाले, "अजून खरं झालेलं नाही, इतकंच!" आणि घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आयुष्यात कधी मुलाला खोटा गुण न दिलेला माणूस!

बेत असा, की जो खुनी असेल तो घाबरून 'पाहणारा कोण' हे विचारायला येईल. आला की धरायचा. सोपं!

अंक बाजाराच्या दिवशी निघाला. आणि विचारायला कोण आलं? अख्खं गाव आलं! न्हावी आला, टपालवाला आला, शाळेचे हेडमास्तर आले. भजनी मंडळ टाळांसकट आलं. सगळे पडद्याआडून मलाच विचारायचे, "वहिनी, आम्हाला तरी सांगा!" खुनी म्हणून धरायचं तर गाव रिकामं करावं लागलं असतं.

शेवटी फौजदार आले, लालबुंद होऊन. "साक्षीदार लपवता? मास्तर, नाव सांगा, नाहीतर गंगारामशेजारी जागा आहे!"

आता ह्यांची पंचाईत. साक्षीदार आहे म्हणावं तर नाव नाही. नाही म्हणावं तर पेपर खोटा. हे टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "साहेब, पुढच्या अंकापर्यंत मुदत द्या."

"आणि पुढच्या अंकात नाव नसलं तर?"

"तर माझं छापतो," हे म्हणाले.

फौजदार गेल्यावर मी सगळ्यांचा चहा गाळला. रोजच्या सवयीनं गाळला. ह्यांचा, वसंताचा, बाबूमियाँचा. आणि एक कप उरला.

मी त्या कपाकडे पाहत राहिले. कालही उरला होता. परवाही. अंक निघाल्यापासून सगळं गाव येऊन गेलं होतं. रोज येणारा एकटाच माणूस आला नव्हता.

मी ह्यांना हळूच सांगितलं. हे चिडले. "चहाच्या कपावरून मी माणूस फासावर चढवू?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "शरदला मागे बाजारात चक्कर आली होती ना? तोंडाला फेस आला होता..."

"हो."

"औषध कुणाचं चालू होतं?"

दोघांनाही ठाऊक होतं.

\*

गंगाराम सुटला. फौजदारांनी स्वतः त्याला पायरीपर्यंत आणून सोडला. पारबती नुसता त्याचा सदरा बाहीपासून कॉलरपर्यंत हातानं झटकत राहिली. आमच्या अंकात दोनच ओळी आल्या. गंगाराम निर्दोष, खरा आरोपी स्वतःहून हजर. स्थळ, नकार, आजार, ह्यातलं एक अक्षरही ह्यांनी छापलं नाही. बाहेरच्या पेपरांनी जमिनीचा वाद म्हणून छापलं, ह्यांनी तेही दुरुस्त केलं नाही. शरद पुढे खामगावला मामाकडे गेला.

पण तो 'स्वतःहून हजर' कसा झाला, ते ह्यांनाही मी सांगितलं तेव्हाच कळलं. कारण गंगाराम सुटण्याआधीच्या त्या दुपारी घरात मी एकटी होते. हे बुलढाण्याला वकिलाकडे गेलेले, वसंता सोबत. बाबूमियाँ नमाजाला.

पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकीजवळची.

मी पडदा बाजूला केला. बापूराव बसले होते. दाढी वाढलेली. पेपर समोर होता, हातात घेतला नव्हता.

"वहिनी, चहा आहे का?"

"करते," म्हटलं. स्टोव्हला पंप मारला, काडी तीनदा विझली. मागचं दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण खरं सांगू? रोज कप विसळून ठेवणाऱ्या माणसापासून पळायचं कसं, तेही कळेना.

चहा नेऊन ठेवला. त्यांनी कप उचलला नाही. म्हणाले, "मी फक्त विचारायला गेलो होतो हो. म्हटलं, मुलीच्या बापापुढे तुम्ही गप्प काऊन बसले? एक शब्द बोला, आमच्या शरदचं आयुष्य उभं राहील. ते मान खाली घालून कुटत राहिले. मी खांदे धरून हलवलं. वर पाहा म्हटलं, माझ्याकडे पाहा. ते मागे गेले. खलावर."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भाजीवाली ओरडत गेली.

मग त्यांनी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. पाहणारा कोण आहे?"

ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं, कुणी काही विचारलं तरी 'पुढच्या अंकात' म्हणायचं. ओठांवर आलंही होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मला खोटं बोलवेना.

"कुणी नाही, भावजी. कुणीच पाहिलं नाही. ह्यांनी उगाच छापलं."

त्यांनी चहा संपवला. उठले, मागच्या अंगणात गेले, कपबशी विसळून पालथी घातली आणि पायात चपला सरकवून चौकीच्या रस्त्याला लागले.

मी दारापर्यंत गेले. म्हटलं, "भावजी, मी सांगितलं ना, कुणीच नाही पाहिलं!"

बापूराव वळले.

"मी तं पाह्यलं ना, वहिनी."